जागा एक, मिरच्या पाच

आमच्या घरात ऊन एकाच ठिकाणी येतं. स्वयंपाकघराच्या बाल्कनीत, डाव्या कोपऱ्यात, कपडे वाळत घालायच्या दांडीखाली. बाकीचं सगळं ऊन समोरची इमारत खाऊन टाकते. त्या कोपऱ्यात एक मोठी कुंडी मावते. दुसरी ठेवली तर बाल्कनीचं दार उघडत नाही. म्हणजे किती साधं आहे बघा. कुंडी एक, तिच्यात हालापिनो मिरचीचं एक रोप लावायचं, मिरच्या आल्या की ऑम्लेटमध्ये घालायच्या आणि खायच्या. शहाण्या माणसाला यात डोकं लावण्यासारखं काय आहे? पण आमचे साहेब शहाणे नाहीत, अधिकारी होते.

साहेब म्हणजे माझा नवरा. बिस्किटांच्या कारखान्यात नोकरभरती बघायचे. माणसं निवडायची, एवढं एकच काम त्यांनी उभ्या आयुष्यात केलं. मग कारखान्याने भरतीच बंद केली, आणि भरतीच नाही म्हटल्यावर भरतीवाल्याला कोण ठेवतंय? आले घरी. तेव्हापासून माझ्या डोक्यावर बसलेत. मी घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करते. नवे कपडे नाही, नुसती दुरुस्ती. पॅन्ट आखूड करून देणे, चेन बदलणे, कंबर सैल करणे. लोकांच्या कंबरा वाढताहेत तोवर मला काही कमी नाही.

रिकामपणी साहेबांनी मिरचीचं बी आणलं. एक पाकीट आणायला गेले आणि चार घेऊन आले. एक लवकर येणारी जात, एक जंबो, एक जांभळी, एक सौम्य. म्हटलं, अहो, चार कशाला? तर म्हणे, "दुकानात उभ्या उभ्या निवड करत नसतात. अर्ज आधी घ्यायचे, छाननी नंतर." दह्याच्या डब्यांना भोकं पाडून त्यात बी टाकलं आणि मेली सगळीच उगवली. त्यात समोरच्या काकू पाचवं रोप घेऊन आल्या. जुनी जात, उशिरा येणारी. मिरची पिकत आली की सालीवर बारीक खरबरीत रेघा पडतात, पण चव अशी की विचारू नका, असं काकूंचं म्हणणं. "आमच्या घरातलंच आहे, जरा सांभाळून घ्या," म्हणाल्या आणि डबा हातात देऊन गेल्या. साहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वशिला!" त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू काकूंनी पोलिसांना पाठवलंय.

त्याच आठवड्यात फोन आला. एका साबणाच्या कंपनीला भरती बघायला माणूस हवा होता, सोमवारी सकाळी मुलाखतीला या म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी एका बाईच्या जॅकेटची डावी बाही उजवीकडे लावली. साहेबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "जाईन की. आधी मिरचीचं मार्गी लागू दे. भरती अर्धवट टाकून उठायची माझी पद्धत नाही."

घोडं कुठे पेंड खातंय ते मला लगेच कळलं. या माणसाने आयुष्यात एकदाही मुलाखत दिलेली नाही. कारखान्यात मुलाखत होती ती त्यांच्या थोरल्या भावाची. हे सोबत गेले होते, भावाची छत्री धरून. तिथे नावं पुकारायला माणूस आला नव्हता. कोणीतरी यांना म्हणालं, जरा नावं पुकारा हो. यांनी पुकारली. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं, तिसऱ्या दिवशी टेबल दिलं. भावाला घेतलं नाही. हे तिथेच म्हातारे झाले. लोकांना समोर बसवून घाम फोडणाऱ्या माणसाला स्वतः त्या खुर्चीत बसायच्या नावाने कापरं भरत होतं. आणि मिरचीची ढाल पुढे धरली होती.

शुक्रवारी सकाळी मी पुढची खोली उघडली तर गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांवर दह्याचे डबे. प्रत्येक खुर्चीत एक रोप, तोंड दाराकडे.

"गिऱ्हाइकांनी कुठे बसायचं?" मी विचारलं.

"उमेदवारांना ताटकळत उभं ठेवायचं नसतं," साहेब म्हणाले. कारखान्यातला कोट घातला होता, खाली घरातला पायजमा. "आणि हळू बोल. आधीच घाबरलेत ते."

आतल्या खोलीत जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि सासूबाई, दुसऱ्या बाजूला उमेदवारासाठी स्टूल. मध्ये पाण्याचा ग्लास, वर बशी. सासूबाईंना समितीवर घेतलं होतं, बाहेरच्या तज्ज्ञ म्हणून. "मी बाहेरची?" त्या म्हणाल्या, "घर कोणाच्या नावावर आहे?" पण मनातून खूष होत्या. नवा चष्मा लावून बसल्या होत्या आणि हाताशी घंटा. घंटा वाजवून "पुढचे!" अशी हाक मारायची आणि दारातून डबा उचलून आणायचा, हे त्यांचं काम. मी मशीनवर बसून सगळं ऐकत होते. न ऐकून करते काय, मध्ये नुसता पडदा.

पहिला जंबो गेला.

"या, बसा. स्वतःबद्दल थोडं सांगा," साहेब म्हणाले. मग थांबले. चांगले मान तिरकी करून ऐकत होते. "अच्छा. एकेक मिरची केवढी? अरे वा. आणि एवढं वजन फांद्या पेलतील?" बराच वेळ शांतता. "हं. म्हणजे काठी लागणार. ठीक आहे. कळवू आम्ही."

डबा बाहेर गेल्यावर सासूबाईंना म्हणाले, "हुशार आहे, पण आपल्या कुंडीत रमायचा नाही. चार मिरच्या देईल आणि मोठी बाग शोधायला लागेल."

जांभळी सासूबाईंना भारी आवडली. "रंग काय देखणा येईल रे!"

"पिकल्यावर लालच होते ती. मग हिच्यात वेगळं काय राहिलं?"

"तुझे वडीलपण देखणे होते. पुढे सगळे केस गेले. मी काय परत पाठवलं त्यांना?"

"आई, तुम्ही समितीत आहात. घरचे दाखले नकोत." समितीत बसल्यापासून ते आईला अहो-जाहो करत होते.

सौम्य मिरचीच्या वेळी तर भांडणच झालं. सासूबाईंना तिखट सोसत नाही, त्या म्हणाल्या हिलाच घे, माझ्या पोटाला बरी. साहेब म्हणाले, समितीच्या सदस्यांनी स्वतःचं पोट बाहेर ठेवून यावं. मग रोपाकडे वळून, "तिखटपणाचा काही अनुभव? थोडासुद्धा नाही? ठीक आहे. कळवू आम्ही."

हे 'कळवू' मला चांगलं ठाऊक आहे. एकदा मी विचारलं होतं, खरंच कळवता का हो? तर म्हणाले, "छे. कळवू म्हणजे नाही. तोंडावर नाही म्हटलं की माणूस रडतो, भांडतो. कळवू म्हटलं की मुकाट्याने घरी जातो. मग काय रडायचं ते घरी रडतो." केवढ्या सहज म्हणाले होते.

लग्नाआधी आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा मलाही हेच. एका कॉफीच्या दुकानात बसलो होतो. यांनी माझी पुरती चौकशी केली, माझा कमकुवतपणा कोणता तेही विचारलं, आणि उठताना म्हणाले, "ठीक आहे. कळवू आम्ही." आम्ही! एकटाच तर आला होता. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आत्ताच सांगा. मला अजून दुसरीकडे जायचंय." मला बटणं आणायला जायचं होतं, पण ते कशाला सांगू? यांच्या तोंडचं पाणी पळालं. खाली बसले आणि म्हणाले, "हो."

तर मिरच्या. लवकर येणारी आत जाऊन आली, तिलाही कळवू. राहिलं काकूंचं रोप. तेवढ्यात लिफ्टवाला आला. आमच्या भागातल्या सगळ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो तो. ताडमाड उंच, त्याच्या पॅन्टची शिलाई उसवून ती लांब करायची होती. बसायला जागा नव्हती म्हणून त्याने काकूंच्या रोपाचा डबा उचलून मांडीवर घेतला आणि त्या खुर्चीत बसला. आतून घंटा वाजली. "पुढचे!" सासूबाई ओरडल्या. तोवर त्या इतक्या रुबाबात आल्या होत्या की उठून डबा न्यायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं. लिफ्टवाला माझ्याकडे बघायला लागला. मी तोंडात टाचण्या धरून पॅन्ट शोधत होते. त्याला वाटलं माप आत घेतात. गेला, मांडीवरच्या डब्यासकट.

साहेब खाली मान घालून गुण मांडत होते. "बसा. ऊन किती सोसतं?"

"अजिबात नाही साहेब. मला सावलीच बरी."

साहेबांचं पेन थांबलं. या भरतीत पहिल्यांदाच कोणीतरी उत्तर दिलं होतं. पण समोर बसलेल्या उमेदवाराला उठवायचं नसतं, हा त्यांचा नियम. मग तेच सावरून बसले. "पाणी?"

"लागतं. कामावर बाटली नेतो."

"उंची कुठपर्यंत जाईल?"

"आता झाली तेवढी झाली."

"आणि फळं?" सासूबाईंनी मध्येच विचारलं.

"दोन मुली आहेत."

"वा, छान," सासूबाई म्हणाल्या.

मी टाचण्या थुंकून आत पळाले, तोवर साहेब म्हणून गेले होते, "ठीक आहे. कळवू आम्ही." लिफ्टवाल्याने त्यांना नमस्कार केला आणि काकूंचं रोप टेबलावर ठेवून बाहेर आला. पॅन्ट रविवारी देते म्हटलं तर नुसती मान हलवली. कुठल्यातरी विचारात पडला होता.

शनिवारी साहेबांनी दिवसभर गुणांची बेरीज केली. मी शर्टाचं विचारलं, ते म्हणाले उद्या बघू. बूट पॉलिश करायचेत म्हटलं, तर म्हणाले समितीचा निकाल लागेपर्यंत सदस्यांशी बोलू नये. रात्री मला झोप लागली नाही. घर माझ्या मशीनवर चाललं असतं हो, त्याचं काही नाही. पण हा माणूस दह्याच्या डब्यांशी बोलत म्हातारा होणार, सोमवारी नाही गेला तर पुन्हा कधीच कुठे जाणार नाही, हे डोक्यातून जाईना.

रविवारी लिफ्टवाला आला. पॅन्ट दिली, त्याने घेतली, पण निघेना.

"आणखी काही?" मी विचारलं.

"ताई, माझं काय ठरलं?"

"कसलं तुमचं?"

"साहेब कळवतो म्हणाले होते."

मी कपाळावर हात मारला. "अहो, ती मिरच्यांची मुलाखत होती! तुम्ही काय मिरची आहात?"

"ते मला मागाहून कळलं," तो म्हणाला. "आणि मला नोकरी आहे, दुसरी नकोच आहे. पण चौकशी तर केली ना माझी? मुलींचंसुद्धा विचारलं. आता फोन वाजला की वाटतं, यांचाच असेल. काल लिफ्टच्या छतावर उभा होतो, फोन वाजला, पडता पडता वाचलो. नाही तर नाही म्हणा, पण सांगून टाका."

मी काही बोलणार तेवढ्यात आतून साहेब आले, कोट-पायजम्यात, आणि जाहीर केलं, "एकही उमेदवार पात्र ठरलेला नाही. फेरजाहिरात काढावी लागेल. मंगळवारपासून नव्याने प्रक्रिया सुरू करू. उद्याचा दिवस तयारीत जाईल."

उद्याचा दिवस! बस्स, माझं डोकं फिरलं. कात्री आपटली. त्यांचा दंड धरला, आतल्या खोलीत नेलं आणि उमेदवाराच्या स्टुलावर बसवलं. त्यांच्या खुर्चीत मी बसले. सासूबाई बाजूला बसून सफरचंद चिरत होत्या, त्यांनी सुरी खाली ठेवली आणि घंटा जवळ ओढली. लिफ्टवाला पडदा धरून दारात उभा.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

"स्वतःबद्दल थोडं सांगा," मी म्हटलं.

"उगाच काहीतरी..."

"उमेदवाराने समितीशी वाद घालू नये," सासूबाई म्हणाल्या.

मी वाट बघत राहिले. त्या स्टुलावर ते केवढेसे दिसत होते! गुडघे जवळ घेतलेले, हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. बिस्किटाच्या कारखान्यात लोक यांना बघून उठून उभे राहायचे. मला एकदम भरून आलं, पण मी तोंड कठोर ठेवलं.

"तुमचा कमकुवतपणा कोणता?" मी विचारलं.

त्यांनी कोटाची बटणं लावली. मग टेबलाकडे बघत म्हणाले, "मला नको म्हणतील, याची भीती वाटते. मी इतक्या लोकांना बसवलं समोर. आता कोणीतरी मला तसं वरपासून खालपर्यंत बघणार. आणि मला त्याच्या डोळ्यात कळणार, की नाही. मला ते सहन होणार नाही गं."

मला उठून त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. पण त्याआधी सासूबाईंनी चष्मा नीट केला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. कळवू आम्ही."

साहेबांनी वर बघितलं. "आई? मला? पोटच्या पोराला?"

"मग?" सासूबाई म्हणाल्या. "परवा त्या पोरींना तेच सांगितलंस ना?" पोरी म्हणजे मिरच्या.

"बघा," दारातून लिफ्टवाला म्हणाला, "असं होतं."

साहेब उठले, बाल्कनीत गेले आणि रिकाम्या कुंडीसमोर उभे राहिले. जाणार की नाही, मी विचारलं नाही. फक्त निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

सोमवारी सकाळी उठले तर खुर्चीवर शर्ट नव्हता. बूटही नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "चहासुद्धा न घेता गेला." त्या दिवशी मी एका माणसाच्या पॅन्टला चेन उलटी लावली. वर ओढली की उघडायची. उसवून पुन्हा लावली, पुन्हा उलटी.

दुपारी आले. दारातच आम्ही दोघींनी गाठलं. "काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

पण चेहरा बघते तर पडलेला नव्हता. बूट काढता काढता सांगायला लागले, "एक मुलगी होती मुलाखत घ्यायला. आपल्या भाचीएवढी. चांगलं बोलली, चांगलं विचारलं. शेवटी फाइल मिटली आणि म्हणाली, ठीक आहे, कळवू आम्ही."

"मग?"

"मी उठलोच नाही." त्यांनी मोजा काढून बुटात कोंबला. माझ्याकडे बघितलं नाही. "मी म्हटलं, आत्ताच सांगा. मला अजून दुसरीकडे जायचंय."

मी पदरासारखी ती उलट्या चेनची पॅन्ट तोंडाला लावली.

"गांगरली बिचारी," साहेब म्हणाले. "पाणी प्यायली. मग खरं सांगितलं. निवड आता कॉम्प्युटर करतो, त्यांना कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस हवाय. तुम्हाला नाही घेणार, म्हणाली. म्हटलं, आभारी आहे. उठलो, आलो." मग दुसरा मोजा काढत म्हणाले, "अगं, काहीच होत नाही. रस्त्यात नुसती भूक लागली. जेवायला काय आहे?"

सूप होतं आणि ब्रेड. दोनदा वाढून घेतलं. मग हात धुऊन बाल्कनीत सगळे डबे ओळीने मांडले आणि त्यांच्यासमोर उकिडवे बसले. कोट नव्हता.

"तुझी निवड झाली नाही," जंबोला म्हणाले. "तू चांगली आहेस. पण आमची कुंडी लहान आहे." जांभळीला म्हणाले, "तुझी पण नाही. रंगासाठी घेतलं तर उगाच नंतर बोल लावीन." सौम्य रोपाला सांगितलं की निवड नाही, पण आईच्या मैत्रिणीचंही पोट असंच आहे, तिच्या गच्चीत भरपूर ऊन येतं, तिथे पोचवून येतो. काकूंचं रोप हातात घेऊन समोर गेले, दार वाजवलं आणि काकूंना तोंडावर सांगितलं, की आम्हाला उशिरा येणारी नको आहे. काकू रागावल्या. साहेब ऐकून घेऊन परत आले. मग लिफ्टवाल्याला फोन लावला. "तुमची निवड झालेली नाही," म्हणाले. पलीकडून तो एवढ्या मोठ्याने "सुटलो!" म्हणाला की मला मशीनपाशी ऐकू आलं. जंबो त्याच्या मुलींना द्यायचं ठरलं.

लवकर येणारं रोप त्यांनी मोठ्या कुंडीत लावलं. माती दाबली, पाणी घातलं. सासूबाई म्हणाल्या, "हिच्यात असं काय बघितलंस?"

"लवकर येते," साहेब म्हणाले. "मला आता वाट बघायची नाही."

संध्याकाळी निळा शर्ट काढून माझ्या मशीनवर टाकला. "धुऊन ठेवशील? उद्या काचेच्या कारखान्यात विचारून बघतो. ते पण बहुतेक नाहीच म्हणतील."

"शर्ट तुमचा तुम्ही धुवा," मी म्हटलं. "इस्त्री मी करते."